नागपूर आणि सहारा एकाच अक्षवृत्तावर कसे? बायोमविषयी वाचकांचे प्रश्न

हवामान आणि वनस्पती यांच्या जुळणीवरून पृथ्वीच्या भूभागाचे जे मोठे जीवप्रदेश पडतात, त्यांना बायोम म्हणतात. मागील अंकात या विषयावर प्रश्न मागवले होते. आलेल्या पत्रांपैकी पाच पत्रांना येथे उत्तरे देत आहोत. सारख्या आशयाचे प्रश्न एकत्र केले आहेत.

प्रश्न : मी माध्यमिक शाळेत भूगोल शिकवते. टुंड्रा, तैगा, सॅव्हाना, वर्षावन, वाळवंट यांचा तक्ता मुले पाठ करतात आणि कोणत्या प्रदेशात कोणता प्राणी आढळतो हेही बिनचूक सांगतात. मात्र तिथे तोच प्राणी का, असे विचारले की वर्ग गप्प होतो. सुरुवात कुठून करावी?
— एक शिक्षिका, वाई

उत्तर : आपण ज्या जिल्ह्यात शिकवता, तिथूनच करावी. महाबळेश्वरात वर्षाला पाच हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. तिथून वीस किलोमीटरांच्या आत असलेल्या पाचगणीत तो निम्म्याहून कमी होतो, आणि पूर्वेकडे माण तालुक्यात पोहोचेपर्यंत जेमतेम पाचशे मिलिमीटर उरतो. या उताराबरोबर वनस्पती कशी बदलते ते विद्यार्थ्यांना क्रमाने पाहू द्यावे. वर जांभूळ, अंजनी, पिसा यांचे सदाहरित रान आणि त्याच्या शेंड्यांवरून उड्या मारणारे शेकरू, त्याखाली उन्हाळ्यात पाने गाळणारी झाडी, आणि शेवटी बोरी-बाभळी विखुरलेले, कुसळी गवताचे, लांडगा-खोकडाचे माळरान. शेकरू माणमध्ये का नाही, याचे उत्तर मग मुले स्वतःच देतात. फांदीला फांदी लागलेली नसेल तर जमिनीवर सहसा न उतरणारा प्राणी एका झाडावरून दुसऱ्या झाडावर जाणार कसा? प्राण्यापासून वनस्पतीकडे आणि वनस्पतीपासून पाण्याकडे जाण्याची ही सवय एकदा लागली की तक्त्यातील प्रत्येक ओळीमागचे कारण शोधावेसे वाटू लागते.

विज्ञानातही ही कल्पना साधारण अशाच चढणीवर रुजली. जर्मन निसर्गशास्त्रज्ञ अलेक्झांडर फॉन हुम्बोल्ट १८०२ मध्ये आजच्या इक्वेडोरमधील चिंबोराझो पर्वतावर चढला, तेव्हा पायथ्याच्या उष्ण कटिबंधीय वनस्पतींपासून हिमरेषेपर्यंतचे पट्टे त्याने उंचीनुसार नोंदवले आणि विषुववृत्ताकडून ध्रुवाकडे जाताना दिसणारा क्रम एकाच डोंगरावर वर चढतानाही दिसतो, हे दाखवून दिले. पुढे विसाव्या शतकात रॉबर्ट व्हिटेकर या अमेरिकी परिस्थितिकीतज्ज्ञाने एका अक्षावर सरासरी तापमान आणि दुसऱ्या अक्षावर वार्षिक पाऊस घेऊन जगातील बायोम एकाच आलेखात मांडले. हा आलेख फळ्यावर काढून त्यात महाबळेश्वर, माणमधील दहिवडी, जैसलमेर आणि लेह यांचे ठिपके मुलांकडून लावून घ्यावेत. जैसलमेर आणि लेह या दोन्ही ठिकाणी पाऊस कमी असला तरी एक उष्ण आणि दुसरे थंड वाळवंट का, हे ठिपक्यांच्या जागेवरूनच उमगते.

एवढे झाल्यावर त्यांना कासचे पठार दाखवावे. तिथे पाऊस घनदाट अरण्याइतका असूनही पठारावर झाडे जवळजवळ नाहीत. जांभ्या खडकावर मातीचा थर इतका पातळ आहे की पावसाळ्यात तो पाण्याने तुडुंब भरतो आणि उन्हाळ्यात करपून जातो, त्यामुळे झाडाच्या मुळांना तिथे थारा मिळत नाही. या मातीत नत्र इतके कमी आहे की दवबिंदू आणि सीतेची आसवे या वनस्पती कीटक पकडून ती उणीव भरून काढतात. बायोमची मोठी चौकट हवामान ठरवत असले, तरी जमिनीला त्यात स्वतःचे म्हणणे असते, हे कासइतके स्पष्टपणे फार थोड्या ठिकाणी दिसते.

प्रश्न : नकाशावर नागपूरपासून पश्चिमेकडे सरळ रेषा ओढली तर ती सहारा वाळवंटातून जाते. मग विदर्भात सागाची जंगले आणि तिकडे वाळू, असे का?
— एक वाचक, नागपूर

उत्तर : आपले निरीक्षण अचूक आहे. नागपूर २१ अंश उत्तर अक्षवृत्ताच्या जवळ आहे आणि उत्तर चाडमधील तिबेस्ती पर्वतही त्याच पट्ट्यात येतो. विषुववृत्तावर तापलेली दमट हवा वर चढते, थंड होते आणि तिथेच पाऊस पाडून मोकळी होते. कोरडी झालेली ही हवा उंचावरून दोन्ही गोलार्धांकडे सरकते आणि साधारण २० ते ३० अंशांच्या दरम्यान खाली उतरते. उतरताना ती दाबली जाते, तापते आणि आणखी कोरडी होते. सहारा, अरबस्तान, कालाहारी आणि ऑस्ट्रेलियाचा मध्यभाग ही वाळवंटे याच उतरत्या हवेखाली आहेत. या नियमाने पाहिले तर विदर्भही रूक्षच असायला हवा होता.

विदर्भाचा बचाव मॉन्सून करतो. उन्हाळ्यात भारतीय भूखंड तापतो, पावसाचा विषुववृत्तीय पट्टा उत्तरेकडे ओढला जातो, हिमालय आणि तिबेटचे पठार उत्तरेची कोरडी हवा अडवून धरतात आणि समुद्रावरचे बाष्प थेट देशाच्या मध्यापर्यंत पोहोचते. मात्र हा पाऊस जवळजवळ सगळा जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत पडतो, आणि विदर्भाच्या जंगलाचे रूप या एकाच गोष्टीतून घडले आहे. साग, ऐन, तेंदू, मोह ही झाडे कोरड्या काळात पाने गाळतात, कारण पाने ठेवली तर त्यांच्यातून उडून जाणारे पाणी भरून काढण्याची सोय नसते. तेवढाच पाऊस वर्षभर विभागून पडला असता, तर त्याच जमिनीवर वेगळे जंगल उभे राहिले असते. म्हणून बायोमचा विचार करताना पाऊस किती, याच्या बरोबरीने तो केव्हा, हेही विचारावे लागते.

सहाराविषयीची आणखी एक गोष्ट मला सांगितल्यावाचून राहवत नाही. सुमारे ११ हजार ते ५ हजार वर्षांपूर्वीच्या काळात पृथ्वीच्या अक्षाची दिशा अशी होती की उत्तर गोलार्धातील उन्हाळा अधिक प्रखर असे. त्यामुळे आफ्रिकेचा मॉन्सून आजच्यापेक्षा पुष्कळ उत्तरेपर्यंत जाई आणि सहाराच्या मोठ्या भागात गवताळ प्रदेश आणि सरोवरे होती. अल्जीरियातील तस्सिली येथील खडकांवर त्या काळच्या माणसांनी जिराफ आणि पाणघोडे रंगवून आणि कोरून ठेवले आहेत. पुढे अक्षाची दिशा बदलत गेली, पाऊस मागे हटला आणि सरोवरे आटली. तिबेस्तीच्या दक्षिणेला बोदेले नावाचा सखल भाग आहे, तो अशाच एका विशाल सरोवराचा तळ होय. सरोवरात राहणाऱ्या सूक्ष्म शैवालांच्या सांगाड्यांची भुकटी तिथे साचलेली आहे. वारा ती उचलतो आणि अटलांटिक महासागर ओलांडून दक्षिण अमेरिकेपर्यंत नेतो. उपग्रहांच्या नोंदींवरून काढलेल्या अंदाजानुसार सहारातून आलेली सरासरी २ कोटी ७७ लाख टन धूळ दरवर्षी ॲमेझॉनच्या खोऱ्यात पडते आणि तिच्यासोबत सुमारे २२ हजार टन फॉस्फरस येतो. ॲमेझॉनची जमीन मुळात निकस आहे. तिथली पोषकद्रव्ये झाडांमध्येच साठलेली असतात आणि पावसाने त्यांतील काही भाग सतत वाहून जातो. ही तूट भरून काढण्यात एका वाळवंटाचा हातभार आहे. ‘वाळवंटे हिरवी करता येतील का’, असे आणखी दोन वाचकांनी विचारले आहे. त्यांनी वाळवंटाला निरुपयोगी ठरवण्यापूर्वी ही देवघेव लक्षात घ्यावी, अशी माझी विनंती आहे.

प्रश्न : आमच्या गावाशेजारी मोठे ओसाड माळरान आहे. पावसाळ्यात तिथे पाच हजार झाडे लावण्याचा आमच्या तरुण मंडळाचा संकल्प आहे. माळरान म्हणजे पूर्वीचे जंगल तुटून उरलेली जमीनच ना? कोणती झाडे लावावीत?
— एका मंडळाचे कार्यकर्ते, सोलापूर जिल्हा

उत्तर : आपल्या मंडळाने श्रमाची तयारी दाखवली याचा आनंद वाटतो, म्हणूनच स्पष्ट लिहितो. माळावर झाडे लावू नयेत. आपण ज्याला ओसाड म्हणता तो स्वतंत्र बायोम आहे आणि त्याचे वय माणसाच्या कुऱ्हाडीपेक्षा फार मोठे आहे. उष्ण प्रदेशातील बहुतेक गवते प्रखर उन्हात कमी पाण्यावर अन्न तयार करण्याच्या एका खास पद्धतीचा वापर करतात, आणि अशी गवते भारतीय उपखंडात सुमारे ७० ते ८० लाख वर्षांपूर्वीच पसरू लागल्याचा पुरावा शिवालिक टेकड्यांतील जुन्या मातीत आणि प्राण्यांच्या अश्मीभूत दातांत मिळतो. जंगल तोडून माळ झाला, अशी काही ठिकाणे आहेतच. परंतु माळ दिसला की तिथे पूर्वी जंगल होते असे धरून चालणे चुकीचे आहे. या समजुतीला महसुली कागदांनीही हातभार लावला, कारण ज्या जमिनीवर पीक नाही आणि लाकूडही नाही, ती ‘पडीक’ म्हणून लिहिली गेली. त्या जमिनीवर मेंढरे चारून जगणारे धनगर कुटुंब त्या नोंदीत कुठेच नव्हते.

गवत आणि झाड यांच्या वाढीत एक मूलभूत फरक आहे. झाडाचा वाढता कोंब शेंड्याला असतो, तर गवताचा जमिनीलगत असतो. म्हणून जनावराने वरून खाल्ले किंवा वणव्याने वरचे पाते जळाले, तरी गवत खालून पुन्हा फुटते. कोवळे रोपटे मात्र अशा वेळी मरते किंवा खुरटते. जिथे पाऊस मध्यम आहे आणि कोरडा काळ दीर्घ आहे, तिथे गवत जिंकेल की झाड, हे चरणारे प्राणी आणि आग हेही ठरवतात. वर उल्लेखिलेल्या व्हिटेकरच्या आलेखातही मधला एक मोठा भाग असाच तुटक रेषेने वेगळा दाखवला आहे, कारण तिथे एकाच हवामानात गवताळ प्रदेश किंवा वनराई यांपैकी काहीही असू शकते.

याचे सर्वांत चांगले अभ्यासलेले उदाहरण टांझानियातील सेरेंगेटी हे आहे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस गुरांचा बुळकांडी हा रोग पूर्व आफ्रिकेत पोहोचला आणि त्याने गुरांबरोबर विल्डबीस्ट हे गवत चरणारे मोठे रानप्राणी आणि रानम्हशी यांचाही फडशा पाडला. पुढची कित्येक दशके विल्डबीस्टची वासरे या रोगाने मरत राहिली. १९५० आणि १९६० च्या दशकांत आजूबाजूच्या पाळीव गुरांना लसी टोचण्यात आल्या, त्याबरोबर रानातूनही रोग नाहीसा झाला, आणि १९६० च्या दशकारंभी सुमारे अडीच लाख असलेली विल्डबीस्टची संख्या १९७० च्या दशकाच्या अखेरीस बारा लाखांच्या वर गेली. एवढ्या तोंडांनी गवत खाल्ल्यावर जळायला वाळलेले गवत उरले नाही, वणवे कमी झाले आणि वणव्यांमुळे दबून राहिलेली झाडे पुन्हा वाढू लागली. पाळीव गुरांना टोचलेल्या लशीमुळे शेजारच्या रानातील झाडांची संख्या बदलली, ही गोष्ट मला जितक्या वेळा आठवते तितक्या वेळा तिचे नवल वाटते. हा रोग २०११ मध्ये जगातून नष्ट झाल्याचे जाहीर करण्यात आले. सेरेंगेटीत झाडे वाढली ती तिथलीच, आपापल्या जागी, प्राण्यांच्या आणि आगीच्या हिशोबाने. खड्डे खणून रांगेत लावलेल्या रोपांशी त्या वाढीची तुलना होऊ शकत नाही.

आता आपल्या माळाकडे येऊ. माळढोक जमिनीवर सहसा एकच अंडे घालतो आणि दूरवर मोकळे दिसत असेल तिथेच वावरतो. नान्नज परिसरातील माळढोक अभयारण्य १९७९ मध्ये याच पक्ष्यासाठी जाहीर झाले, आणि आज संपूर्ण जगात हा पक्षी दीडशेहून कमी उरला असून त्यांतील बहुतेक राजस्थानात आहेत. काळवीट वेगावर विसंबून जगतो आणि त्या वेगाला मोकळे रान लागते. धाविक, पखुर्डी, चंडोल हे पक्षी उघड्या जमिनीवरच घरटी करतात. गिरिपुष्प, सुबाभूळ किंवा नीलगिरी यांची दाट लागवड झाली की या सर्वांचे घर जाते. त्याहून नुकसानकारक गोष्ट म्हणजे रोपांसाठी खणलेले सलग समतल चर. त्यांमुळे गवताचे जुने थोंब उपटले जातात, आणि असे थोंब पुन्हा धरायला फार काळ लागतो.

मंडळाच्या उत्साहाला करण्यासारखे पुष्कळ आहे. माळावर शिरलेली वेडी बाभूळ आणि घाणेरी मुळासकट काढावी. पवना, डोंगरी, मारवेल या स्थानिक गवतांचे बी गोळा करून जिथे जमीन खरोखर उघडी पडली आहे तिथे पेरावे. नांगरट आणि मुरूम-उपसा यांपासून माळ राखावा, आणि चराईच्या पाळ्या गावातील मेंढपाळांशी बसून ठरवाव्यात. पाच हजार झाडांचा संकल्प मोडण्याचेही कारण नाही. ती गावठाणात, शाळेभोवती, रस्त्याच्या कडेला, बांधांवर आणि ओढ्याच्या काठाने लावावीत. तिथे त्यांची खरोखर गरज असते.

प्रश्न : आम्ही काही वर्षांपासून कॅनडात एडमंटन येथे राहतो. येथून उत्तरेला मैलोन्‌मैल एकाच प्रकारची सूचिपर्णी झाडे दिसतात. उणे तीस अंशांत तिथले प्राणी जगतात कसे? आणि सह्याद्रीच्या तुलनेत इतकी कमी विविधता का?
— एक वाचक, एडमंटन

उत्तर : आपण गवताळ प्रेअरी आणि तैगा यांच्या सीमेवरच राहता. तैगा हा जमिनीवरील सर्वांत विस्तीर्ण वनबायोम असून तो अलास्का आणि कॅनडापासून स्कँडिनेव्हियामार्गे सायबेरियापर्यंत पसरला आहे. तिथे झाडाला वाढीसाठी मिळणारा काळ इतका थोडा असतो की दरवर्षी नवी पाने घडवणे परवडत नाही. म्हणून स्प्रूस, पाइन, फर यांची मेणचट, सुईसारखी पाने अनेक वर्षे टिकतात आणि वसंत येताच लगेच कामाला लागतात. लार्चची गोष्ट उलट आहे. सुईसारखी पाने असूनही ते ती गाळते, आणि पूर्व सायबेरियातील सर्वांत कडक थंडीच्या भागात त्याचेच राज्य आहे.

प्राण्यांचा मोठा आधार खुद्द बर्फ हा आहे. साचलेल्या जाड बर्फात हवा अडकलेली असते, त्यामुळे तो उबदार गोधडीप्रमाणे काम करतो. वर उणे तीस अंश असताना बर्फाच्या तळाशी, जमिनीलगत, तापमान गोठणबिंदूच्या आसपास राहते. तिथल्या पोकळीत रानउंदीर आणि चिचुंदऱ्या हिवाळाभर बोगदे करून फिरतात आणि घुबड वरून केवळ आवाजाच्या आधाराने त्यांच्यावर झडप घालते. रानबेडूक याहून धाडसी मार्ग पत्करतो. तो पाचोळ्याखाली अक्षरशः गोठतो, त्याच्या शरीरातील अर्ध्याहून अधिक पाण्याचा बर्फ होतो आणि हृदय थांबते. यकृताने रक्तात सोडलेली साखर पेशींचा आतला भाग वाचवते आणि वसंतात तो पुन्हा उड्या मारू लागतो. हिमससा हिवाळ्यात पांढरा होतो. हा बदल दिवसाच्या लांबीवरून सुरू होतो, बर्फ पडला की नाही यावरून नव्हे. त्यामुळे आता जिथे बर्फ उशिरा पडतो, तिथे तपकिरी जमिनीवर पांढरा ससा उठून दिसतो आणि लिंक्स या रानमांजराच्या सहज हाती लागतो. या दोघांच्या संख्येत साधारण दहा वर्षांनी चढ-उतार होतो, हे हडसन्स बे कंपनीच्या कातडी-व्यापाराच्या जुन्या वह्यांवरून लक्षात आले आणि ब्रिटिश परिस्थितिकीतज्ज्ञ चार्ल्स एल्टन यांनी १९४२ मध्ये त्या नोंदींचा सविस्तर अभ्यास प्रसिद्ध केला.

विविधता कमी असण्याचे एक कारण थंडी आणि दुसरे इतिहास. शेवटच्या हिमयुगात आपले आजचे शहर जाड हिमथराखाली होते. तिथले जंगल गेल्या काही हजार वर्षांत दक्षिणेकडून सरकत आले आहे. सह्याद्रीवर असा थर कधी चढला नाही. तिथल्या जातींना वेगवेगळ्या होत जायला कोट्यवधी वर्षे मिळाली.

प्रश्न : मी आठवीत आहे. ध्रुवीय अस्वल पेंग्विनला का खात नाही? दोघेही बर्फात राहतात. आणि वाघ नेमका कोणत्या बायोममधला लिहायचा?
— एक विद्यार्थिनी, रत्नागिरी

उत्तर : ध्रुवीय अस्वल उत्तर ध्रुवाभोवती राहते आणि पेंग्विन दक्षिण गोलार्धात, त्यामुळे त्यांची गाठच पडत नाही. गॅलापागोस बेटांवरचा पेंग्विन तर विषुववृत्ताजवळ राहतो, पण तिथून उत्तरेकडचे कोमट समुद्र त्याला ओलांडता येत नाहीत. सारखे हवामान सारखी कामे निर्माण करते, मात्र ती कामे कोणत्या प्राण्यांनी करायची हे त्या खंडाच्या इतिहासावर अवलंबून असते. उत्तरेत पाण्याखाली पोहून मासे पकडण्याचे काम ऑक नावाचे पक्षी करतात. त्यांतला न उडणारा मोठा ऑक दिसायला बराचसा पेंग्विनसारखा होता आणि माणसांनी केलेल्या शिकारीमुळे १८४४ च्या सुमारास तो नष्ट झाला. आफ्रिकेच्या गवताळ भागात शहामृग, दक्षिण अमेरिकेत रिया आणि ऑस्ट्रेलियात एमू, ही जोडणीही तू अशीच तपासून पाहा.

वाघाला एकच बायोम लिहिता येणार नाही. तो ताडोबाच्या पानझडी जंगलात आहे, सुंदरबनच्या खारफुटीत आहे, भूतानमध्ये चार हजार मीटरहून उंचावर त्याची छायाचित्रे मिळाली आहेत आणि रशियाच्या अतिपूर्वेकडील सिखोते-अलिन पर्वतात तो बर्फातही हिंडतो. त्याला भक्ष्य, पाणी आणि लपायला आडोसा लागतो. बायोम बदलला की बदलते ते त्याला लागणारे क्षेत्र. नेपाळच्या चितवनमध्ये हरणे विपुल असल्याने एका वाघिणीला सुमारे २० चौरस किलोमीटर पुरतात, तर सिखोते-अलिनमध्ये भक्ष्य इतके विरळ आहे की तिला सुमारे ४०० चौरस किलोमीटर लागतात. याउलट सिंहपुच्छ वानर दक्षिण सह्याद्रीच्या सदाहरित जंगलाबाहेर फारसे सापडत नाही. त्याच्यापुढे मात्र तू निःशंकपणे एकच नाव लिहू शकतेस.